छोट्या एसयूव्हीसाठी टिकाऊ ए/टी टायर: कोणत्या क्रमाने निवडायचे, कसे बसवायचे

ए/टी म्हणजे ऑल-टेरेन टायर घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी कंपनीचं नाव विचारतो. मग फोटो बघून नक्षी पसंत करतो. दुकानात गेल्यावर कळतं, की तो टायर आपल्या मापात मिळतच नाही. दुकानदार म्हणतो, "साहेब, एक साइज मोठा आहे, आरामात बसेल." इथे मान डोलावली की पुढची दुखणी ठरलेली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो, गाडीचा पिकअप मरतो, आणि वर्ष-दीड वर्षात कडा खाल्लेला टायर उतरवावा लागतो. टायरमध्ये खोट नसते. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो.

बरोबर क्रम असा: आधी रस्ता, मग गाडीची तब्येत, मग माप, मग भार, मग बांधणी आणि नक्षी. कंपनी सगळ्यात शेवटी. खालची उदाहरणं ब्रेझा, क्रेटा, जिम्नी अशा गाड्यांची आहेत, पण पद्धत कुठल्याही छोट्या एसयूव्हीला लागू पडते.

## टप्पा १: रस्त्यांचा हिशोब

वर्षभरात गाडी कुठे कुठे फिरते ते कागदावर लिहा. अंदाजाने नको. महिन्याच्या फेऱ्या आठवा आणि प्रत्येकीचे किलोमीटर तीन रकान्यांत टाका: डांबर आणि सिमेंट, मुरूम किंवा खडीचा कच्चा रस्ता, आणि चिखल-माती.

डांबर-सिमेंट ८० टक्क्यांच्या पुढे असेल आणि उरलेला कच्चा रस्ताही कोरड्या दिवसांतच लागत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ए/टी घेऊ नका. चांगला एच/टी, म्हणजे हायवे टायर, घ्या. तो हलका असतो, आवाज कमी करतो, डिझेल-पेट्रोल कमी खातो आणि ओल्या डांबरावर बहुतेक वेळा लवकर थांबतो. शेतावरच्या घरी जाताना शेवटचा एक किलोमीटर मुरमाचा आहे, एवढ्यासाठी उरलेले सगळे किलोमीटर जड टायर ओढण्यात अर्थ नाही.

कच्चा रस्ता २०–३० टक्क्यांच्या वर असेल, किंवा टक्का कमी असूनही तिथली खडी टोकदार असेल, तर ए/टी कामाचा. पण कुठल्या रस्त्यासाठी टायरमध्ये काय बघायचं हे वेगवेगळं असतं.

देशावरची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. फोडलेल्या खडीच्या कडा धारदार असतात. रुंदीकरण चालू असलेल्या रस्त्यावर सुटी खडी पसरलेली असते, ती टायरच्या नक्षीचे तुकडे उडवते आणि खाचांत अडकून आत घुसत जाते. इथे रबराची जाडी आणि दगड बाहेर फेकणारी रचना महत्त्वाची.

कोकणात जांभा. कोरडा असताना पकड चांगली देतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि उतारावरची पायवाटेसारखी अरुंद वळणं निसरडी होतात. रस्त्याच्या कडेला बांधाचे चिरे उभे असतात, गाडी बाजूला घेताना टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, त्यांना घासते. इथे बगलेची मजबुती आधी बघायची.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती हा वेगळाच प्रकार. पावसानंतर ती खाचांत इतकी गच्च बसते, की चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि नक्षी कुठली आहे याला काही अर्थ उरत नाही. पुढची दोनच चाकं ओढणारी गाडी पावसानंतर पाणंद रस्त्यावर घालायचा विचार असेल, तर ए/टी तुम्हाला बाहेर काढेल या भरवशावर राहू नका. एम/टी, म्हणजे मड-टेरेन, टायरच्या रुंद खाचा माती जास्त चांगली झटकतात, पण ते डांबरावर रोज वापरण्यासारखे नाहीत. वाफसा येईपर्यंत थांबणं हाच इथला उपाय.

आणि घाट. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी. ए/टी टायर घेणाऱ्या बऱ्याच जणांचा पावसाळा प्रत्यक्षात ओल्या डांबरी घाटात जातो. फोटोत चिखल दिसतो, वापरात मात्र ओलं डांबर. नक्षी निवडताना हे लक्षात ठेवा.

तपासणी: ए/टी टायर गाडीची उंची वाढवत नाही आणि दोन चाकांच्या गाडीला चार चाकांची ताकद देत नाही. तुमची अडचण गाडीचं पोट दगडाला लागतं ही असेल, तर टायर बदलून ती सुटणार नाही.

## टप्पा २: आधी गाडी, मग टायर

जुने टायर उतरवण्याआधी ते नीट वाचा. नवा टायर किती टिकेल याची बरीच माहिती जुन्यावरच लिहिलेली असते, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत, तर हवा सतत कमी राहिली आहे. मधला पट्टा झिजला आणि कडा उंच, तर हवा जास्त होती. एकच कड खाल्ली गेली असेल, तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट यांत खेळ आला आहे.

आता तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर चाकांचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. हे डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. टायरच्या परिघावर थोड्या थोड्या अंतराने खोलगट खड्डे लागत असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर संपलेत किंवा बॅलन्सिंग गेलं आहे.

यातलं जे सापडेल ते आधी दुरुस्त करा. ए/टी टायर एच/टीपेक्षा साधारणपणे जड असतो, त्यामुळे ढिले बुश आणि थकलेले शॉक ॲब्सॉर्बर त्याच्याखाली अजून लवकर बोलायला लागतात. अलाइनमेंट करून घेतली म्हणजे झालं असं नाही. बुशमध्ये खेळ असेल तर मशीनवर आकडे बरोबर दिसतात आणि गाडी रस्त्यावर आली की पुन्हा हलतात.

सावधान: हजारोंचे टायर घालून हजार-दोन हजारांचे बुश पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नका. तोपर्यंत नव्या टायरची कड गेलेली असते.

## टप्पा ३: माप

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर किंवा दाराच्याच कडेला एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीने दिलेलं टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. गाडी जुनी घेतलेली असेल, तर सध्या बसवलेल्या टायरवरचं माप खरं मानू नका, आधीच्या मालकाने बदललेलं असू शकतं. स्टिकर आणि मॅन्युअल हेच प्रमाण.

समजा माप आहे २१५/६० आर १६. म्हणजे रुंदी २१५ मिमी, बगलेची उंची रुंदीच्या ६० टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १६ इंची. बाहेरचा व्यास असा काढायचा: २१५ चे ६० टक्के १२९ मिमी, दोन्ही बाजूंचे मिळून २५८. रिम १६ गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४. बेरीज ६६४.४ मिमी.

आता दुकानदार सुचवतो ते २१५/६५ आर १६ घ्या. तो भरतो ६८५.९ मिमी, म्हणजे ३.२ टक्के मोठा. सर्वसाधारण दंडक असा, की मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आतच राहावं. हा दंडकाच्या बाहेर गेला. बदल्यात मिळालं काय? गाडीची उंची व्यासाच्या निम्म्यानेच वाढते, म्हणजे जेमतेम ११ मिमी. आणि गेलं काय? स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त पळत असते. किलोमीटर कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. गिअर लांब झाल्यासारखे होतात आणि चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो. छोट्या इंजिनाच्या गाडीत हे लगेच जाणवतं.

जिम्नीचं माप १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ हे बोलेरोचं माप, व्यास ७०३.५ मिमी. फरक दीड टक्क्याचा, म्हणून जिम्नीवाले हा बदल करताना दिसतात. व्यासाचं गणित जमतं, पण रुंदी २० मिमीने वाढते. म्हणजे आतल्या बाजूला आणि बाहेर दोन्हीकडे जागा तपासावी लागते.

कधी कधी उलट दिशेने जाणं शहाणपणाचं असतं. क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटला २१५/६० आर १७ आणि खालच्याला २०५/६५ आर १६ असे टायर आले होते. १६ इंची रिमवर बगल थोडी उंच मिळते, रिम खड्ड्यात वाकण्याची भीती कमी होते आणि टायरही स्वस्त पडतो. एकाच मॉडेलला कंपनीने दोन मापं दिली असतील, तर खडबडीत रस्त्यासाठी छोट्या रिमचं माप आधी विचारात घ्या. मात्र वरच्या व्हेरियंटचे ब्रेक मोठे असले तर छोटी रिम कॅलिपरला अडते. टायर विकत घेण्याआधी एक रिम बसवून, हाताने फिरवून बघा.

सावधान: कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नका. टायर गाडीच्या कमानीबाहेर डोकावत असेल, तर रस्त्यावर अडवलं जाण्याची शक्यता आहेच, अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद निघू शकतो तो वेगळा.

## टप्पा ४: भार आणि वेगाचा आकडा

मापाच्या पुढे अजून एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ९५ एच. हा आकडा म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती भार पेलतो याची खूण: ९२ म्हणजे ६३० किलो, ९५ म्हणजे ६९०, ९६ म्हणजे ७१०, ९९ म्हणजे ७७५, १०० म्हणजे ८०० किलो. अक्षर वेगाचं आहे: क्यू ताशी १६० किमी, एस १८०, टी १९०, एच २१०.

नियम एकच. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कधीही खाली जाऊ द्यायचा नाही. वेगाच्या अक्षरालाही मूळ टायरच धरून चाला. ए/टी टायरमध्ये हे अक्षर काही वेळा खालचं मिळतं, तेव्हा मॅन्युअल काय म्हणतं ते बघून मगच होकार द्या.

एक्सएल लिहिलेला टायर आतून जास्त मजबूत असतो आणि जास्त हवा घेऊन जास्त भार उचलतो. भरलेली गाडी घेऊन घाट चढणाऱ्याला हा चांगला. एलटी लिहिलेला टायर वेगळ्या जातीचा, हलक्या ट्रकसाठीच्या बांधणीचा. तोच भार पेलायला त्याला बरीच जास्त हवा लागते. म्हणजे स्टिकरवरचा दाब त्याला चालत नाही, आणि लोक नेमका तोच भरतात. शिवाय ब्रेझा-क्रेटासारख्या गाडीत तो इतका कडक बसतो, की कच्च्या रस्त्याचा प्रत्येक दगड कमरेत पोचतो. छोट्या एसयूव्हीला एलटी टायरची गरज क्वचितच असते.

## टप्पा ५: बांधणी आणि नक्षी

आता टायर प्रत्यक्ष बघायचा. नाव नीट वाचण्यापासून सुरुवात करा, कारण एकाच घराण्यात सगळे प्रकार असतात. योकोहामाच्या जिओलँडर मालिकेत ए/टी जी०१५ आहे, तसाच एच/टी जी०५६ आणि एम/टी जी००३ सुद्धा आहे. अपोलोच्या ॲप्टेरामध्ये एटी२ आणि एचटी२ दोन्ही. "जिओलँडर टाकून द्या" एवढं फोनवर सांगून ऑर्डर दिली, की भलताच टायर बसू शकतो. बिलावर पूर्ण नाव हवं.

एम+एस (मड अँड स्नो) ही खूण ताकदीचा पुरावा नव्हे. ती कित्येक एच/टी टायरवरही असते. डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असेल, तर टायर बर्फातल्या ठरावीक चाचणीत उतरलेला आहे. महाराष्ट्रातल्या वापराला त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो याचा, आकडा कंपनीने स्वतः चाचणी घेऊन दिलेला असतो. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो ठीक, दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका.

यानंतर नक्षीकडे जवळून बघा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि चार गोष्टी शोधा.

पहिली, ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा. सुरीने कापल्यासारख्या दिसतात. ओल्या डांबरावरची पकड बऱ्याच अंशी यांच्यामुळे मिळते. कडेचे ठोकळे मोठे, भरीव आणि बिनचिरांचे असतील, तर टायर रुबाबदार दिसेल, पण पावसातल्या घाटात तुम्हाला तो नको आहे. चिरा किती खोल आहेत तेही बघा. वरवरच्या असतील तर अर्धा टायर झिजायच्या आतच नाहीशा होतात आणि उरलेला अर्धा टायर ओल्यात घसरतो.

दुसरी, खाचांच्या तळाशी असलेले रबराचे छोटे उंचवटे. अडकलेल्या खडीला हे बाहेर ढकलतात. ते नसतील तर खडी तळाशी बसून दर फेऱ्याला आत टोचत राहते.

तिसरी, शेजारच्या ठोकळ्यांना खाली जोडणाऱ्या पट्ट्या. त्यांच्यामुळे ब्रेक मारताना ठोकळा लवत नाही, झीज एकसारखी होते आणि तुकडे कमी उडतात.

चौथी, बगल. नक्षीचे ठोकळे बगलेवर किती खाली उतरले आहेत आणि रिमच्या कडेला वाचवणारी जाड रबरी कड आहे का, हे बघा. बगल जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे अंगठ्याने जोरात दाबा. बाजूला एच/टी टायर ठेवून त्यालाही तसंच दाबा. फरक हाताला कळला पाहिजे. बगलेवरचा मजकूर वाचला तर आतले थर किती आणि कशाचे हेही बहुतेक वेळा लिहिलेलं सापडतं. छोट्या मापांत कित्येकदा नक्षी ए/टीची आणि बगल साध्या कारच्या टायरची असा माल असतो. तो वाईट नाही, मुरमावर चांगला चालतो. पण टोकदार दगडांचा रस्ता असेल तर त्याच्या दिसण्यावर जाऊ नका.

खोल नक्षी म्हणजे जास्त आयुष्य, हेही नेहमी खरं नसतं. हायवेवर तापलेल्या डांबरावर उंच ठोकळे जास्त लवतात, तापतात आणि झिजतात. कच्च्या रस्त्याला टिकणारा टायर एक्सप्रेसवेवर त्याच हिशोबाने टिकेल असं धरू नका.

तपासणी: चारही टायर एकाच नावाचे घ्या. पैसे वाचवायला दोन ए/टी पुढे आणि जुने झिजलेले दोन एच/टी मागे, अशी जोडी ओल्या वळणावर घातक ठरते. पुढची चाकं धरून ठेवतात आणि गाडीची शेपटी निसटते. चारही चाकांना आपोआप ताकद देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत टायरच्या व्यासातला फरक त्या यंत्रणेलाच त्रास देतो.

## टप्पा ६: दुकानात, टायर रिमवर चढायच्या आधी

टायर रिमवर चढला की परत करणं संपलं. म्हणून हे सगळं त्याआधी.

बगलेवर लंबगोलात चार आकडी संख्या शोधा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. ही संख्या बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असते, त्यामुळे एका बाजूला दिसली नाही तर टायर उलटा करायला सांगा. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा टायर निश्चिंतपणे घ्या. सावलीत, उभा ठेवलेला असेल तर वर्षभराचाही चालेल. त्याहून जुना असेल तर भाव तसा कमी व्हायला हवा, आणि मी तरी दुसरीकडे विचारीन. भारत सरकारने जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आणले. बाहेरून येणाऱ्या मालाची काही मापं अधूनमधूनच मिळतात, आणि अशाच मापांत जुना साठा गळ्यात मारला जाण्याची शक्यता जास्त. चारही टायरची तारीख बघा, एकाची नव्हे.

आयएसआयची खूण असल्याची खात्री करा. ए/टीच्या नावाखाली रिमोल्ड केलेले टायर स्वस्तात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. नव्या रबराखाली कुठला आणि किती जुना सांगाडा आहे हे तुम्हाला कळू शकत नाही.

भाव ठरवताना बसवणं, नवे वॉल (हवा भरायचे व्हॉल्व्ह), बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून एकच रक्कम विचारा. जुने टायर परत घेतले तर किती कमी करणार तेही आधीच ठरवा. बिलावर टायरचं पूर्ण नाव आणि प्रत्येकाचा अनुक्रमांक लिहून घ्या. त्याशिवाय वॉरंटीचा दावा उभाच राहत नाही. वॉरंटी मुख्यतः कारखान्यातल्या दोषावर असते. दगडाने बगल फाटली तर ती भरून मिळते का, हे कार्डावर वाचून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

## टप्पा ७: बसवताना

समोर उभे राहा. रिमची आतली कड तारेच्या ब्रशने साफ झाली पाहिजे, नाहीतर ट्यूबलेस टायर महिन्या-दोन महिन्यांत हवा सोडायला लागतो. रबरी वॉल नवेच घाला. गाडीत हवेचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर ते कामगाराला आधी सांगा, मशीनच्या एका फटक्यात सेन्सर तुटतो. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वॉलच्या समोर यायला हवा, तिथे टायरचा हलका भाग असतो आणि बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. बाहेरची बाजू किंवा फिरण्याची दिशा लिहिलेली असेल तर तशीच ठेवा.

हवा भरून झाल्यावर रिमच्या दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मग बॅलन्सिंग. एका रिमला वजनांची लांबच लांब पट्टी लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा.

नट नेहमी आमनेसामने अशा क्रमाने आवळायचे, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने. किती न्यूटन मीटर ते मॅन्युअलमध्ये असतं. हवेच्या गनने आवळलेले नट वाटेत पंक्चर झाल्यावर जॅकसोबतच्या छोट्या पान्याने सुटत नाहीत. त्यानंतर अलाइनमेंट, आणि तिचा छापील कागद घ्या.

तपासणी: दुकानाच्या दारातच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून गाडी पुढे आणि मागे घ्या. आवाज आला नाही तरी उतरून चारही कमानींत टॉर्च मारा. मग मागे तीन माणसं बसवून एका गतिरोधकावरून जा आणि पुन्हा बघा. स्टेपनीचा व्यास नव्या टायरएवढा आहे ना, हेही आत्ताच.

## टप्पा ८: हवा

टिकाऊपणा इथे ठरतो. महागातला टायर कमी हवेवर चालवला तर स्वस्तातल्याआधी जातो, कारण कमी हवेत बगल दर फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि आतले थर सुटायला लागतात.

माप तेच असेल आणि टायर एलटी नसेल, तर सुरुवात स्टिकरवरच्या दाबापासून. हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा चढतो. लांबच्या प्रवासात चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दिसले तर हवा सोडू नका, तो वाढलेला दाब उष्णतेचा आहे. स्वतःचा गेज ठेवा, पंपावरच्या मशीनवर विसंबू नका. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दोन पीएसआयने उतरतो, म्हणून थंडी सुरू झाली की एकदा बघा. टायरच्या बगलेवर लिहिलेला कमाल दाब भरायचा नसतो, ती टायरची मर्यादा आहे.

दाब बरोबर आहे का ते खडूने कळतं. नक्षीवर कडेपासून कडेपर्यंत खडूची जाड आडवी रेघ ओढा आणि सपाट रस्त्यावर सरळ पन्नासेक मीटर जा. रेघ पूर्ण रुंदीत सारखी पुसली तर दाब बरोबर. फक्त मध्ये पुसली तर जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. एकेक पीएसआयने बदलून पुन्हा बघा, पण स्टिकरच्या खाली येऊ नका. भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर सामान भरल्यावर तोच.

सुट्या मुरमात किंवा नदीपात्राच्या वाळूत अडकायची वेळ आली, तर हवा २०–२२ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि पकड वाढते. वेग ताशी ३० च्या आत, स्टिअरिंगला झटके नाहीत. टोकदार दगडांत मात्र इतकी हवा उतरवू नका, फुगलेली बगल बाहेर येते आणि दगड तिथेच लागतो. गाडीत बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर असल्याशिवाय हवा सोडायचीच नाही, कारण तशाच टायरवर डांबरी रस्ता गाठणं हे टायर मारण्याचं खात्रीचं साधन आहे.

## टप्पा ९: पहिले किलोमीटर आणि पुढची देखभाल

नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, ओल्यात पूर्ण पकड यायला वेळ लागतो. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या.

दर आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकांची जागा बदला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे, मागचे तिरके पुढे. फिरण्याची दिशा ठरलेला टायर असेल तर तिरकं न करता त्याच बाजूला पुढे-मागे. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर तिलाही फेरीत घ्या. ए/टीच्या उंच ठोकळ्यांची झीज एकदा वाकडी झाली की गुंजारव सुरू होतो आणि नंतर जागा बदलूनही तो पूर्ण जात नाही.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर खाचांतली खडी बोथट स्क्रू ड्रायव्हरने काढा. आतल्या बगलेवर हात फिरवा. ती बाजू उभ्याने दिसत नाही, आणि कापलेलं बऱ्याचदा तिथेच सापडतं. फुगा दिसला तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर त्याच दिवशी उतरवायचा, स्टेपनी म्हणूनही ठेवायचा नाही.

पंक्चर फक्त नक्षीच्या मधल्या भागात दुरुस्त होतं. रस्त्यात भोकात मारलेली रबरी दोरी ही घरी येईपर्यंतची सोय आहे, नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोक बुजवणाऱ्या देठाचं ठिगळ, लावून घ्या. त्याच वेळी आतली बाजू बघा: रबराची काळी भुकटी पडलेली असेल तर टायर हवेविना धावलेला आहे आणि बगल गेलेली आहे, बाहेरून कितीही धड दिसो. बगलेचं पंक्चर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या नक्षीची किमान खोली १.६ मिमी. खाचांतले झीज दाखवणारे आडवे उंचवटे तेवढ्याच उंचीचे असतात. ती कायद्याची शेवटची रेघ आहे. पावसाळ्यात घाट असेल तर ३ मिमीलाच बदला, आणि शक्यतो मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या. कमी फिरणाऱ्या गाडीत नक्षी संपायच्या आधी रबर संपतं. ठोकळ्यांच्या मुळाशी किंवा बगलेवर बारीक तडे दिसू लागले, की उरलेल्या मिलिमीटरचा हिशोब करत बसू नका.